फोनआधीची टिकली

माझी पुतणी घरूनच काम करते. परदेशात कुणाचं वॉशिंग मशीन अडलं की ती त्यांना फोनवरून मदत करते. आज कामाला बसण्याआधी तिने केस विंचरले, टिकली लावली.

"त्यांना तू दिसतेस कुठे?" मी विचारलं.

"केस विस्कटलेले असले की आवाजही विस्कटतो, काका."

खरं आहे तिचं. पूर्वी समुद्रापार जायचं ते मिरी आणि कापड. सेवा मात्र गल्लीतच राहायची, कारण न्हाव्याला गिऱ्हाईकाचं डोकं समोर लागायचं. आता तीही समुद्र ओलांडते. फक्त समोर नसलेल्या माणसाला समोर धरून बोलता आलं पाहिजे, आणि आमच्या पोरीला ते येतं.

इतक्यात माझा फोन वाजला. उचलण्याआधी मी शर्टाचं वरचं बटण लावलं.