चिठ्ठीवर नाव कुणाचं

अहमदपूरला पंढरीचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिथं दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोटारीला तो एक चिठ्ठी बांधतो: वेढे किती, तार कोणती, जोडणी कशी, आणि खाली मोटार उघडणाऱ्याचं नाव.

त्याची लेक पंचशीला दुकानाच्या मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरसाठी तशाच चिठ्ठ्या लिहिते. बोर्डावर चिप कोणती, तिची कोणती पिन काय करते, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, आपोआप समजत नाही; कुणीतरी लिहून द्यावं लागतं. एका चिपचं जुनं टिपण ती नव्या साच्यात बसवत होती. तिचं हे पहिलंच पान, आणि ते कर्नेलवाल्यांनी तपासून आत घेतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"काय गं माय, आलं का परत?" पंढरीनं दारातून विचारलं.

"हाव. तिसऱ्यांदा."

"आता काय म्हनतेत?"

"पानाची जबाबदारी कुणाची, तिथं मी तपासणाऱ्या साहेबांचं नाव टाकलं होतं. ते म्हणतात, माझ्याकडं हा बोर्डच न्हाई, माझं नाव कामून?"

"जयंतीचा ब्यानर समजलीस का? साहेबाचा फोटो सगळ्यात वर?"

"मान म्हणून टाकलं, बाबा. मला तिथं कोण वळखतंय?"

"मोटार कोन उघडली?"

"मी."

"मग?"

तिनं साहेबांचं नाव काढून स्वतःचं लिहिलं. पण 'पाठवा'वर बोट जाईना. आता कुणाचा बोर्ड अडला, तर विचारणा तिलाच होणार.

"समदं सोता बघून लिवलंस न्हवं?"

"एक पिन जुन्या टिपणातून उचलली."

"जुन्या चिठ्ठीच्या भरवशावर मी हणमंतरावची मोटार जाळलो होतो."

ती उठली. बापाचा मीटर घेऊन बोर्डाशी बसली. टिपण म्हणत होतं, पिनवर व्होल्टेज आलं की चिप रीसेट होते. इथं तर व्होल्टेज असेपर्यंत चिप नीट चालत होती. शून्यावर नेलं की रीसेट.

"उलटं हाय, बाबा."

"कितीदा बघितलंस?"

"चारदा."

"मग लिव."

तिनं ती ओळ बदलली, का बदलली तेही लिहिलं आणि पान चौथ्यांदा पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं: घेतलं.

महिनाभरानं एका अनोळखी माणसाची ईमेल आली. जुन्या टिपणात ही पिन वेगळी दिलीय, तुमची खात्री आहे का?

पंचशीलानं उत्तर लिहायच्या आधी मीटर मागून घेतला आणि पाचव्यांदा बघितलं.