राणीचा बॅगपाइप आणि माझा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. छत्तीस वर्षे महाराष्ट्र पोलिसांत काढली. खुनी पकडले, दरोडेखोर पकडले. पण माझा घाम काढला तो एका वाद्याने, आणि तोही निवृत्तीनंतर, कतारमध्ये.

मुलगी आणि जावई दोह्यात होते. दोघेही वेस्ट बेच्या उंच इमारतीत नोकरीला, त्यामुळे दिवसभर मी घरात एकटा. वर्ल्ड कपची तयारी तेव्हा जोरात चालली होती. सकाळी ज्या रस्त्याने जावे तो संध्याकाळी खोदलेला. गर्दी सांभाळलेली माणसे सगळ्यांनाच हवी होती. गणपती विसर्जनाचा बंदोबस्त केला आहे म्हटल्यावर कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीने मला सुरक्षा पर्यवेक्षक नेमले. गणवेशाऐवजी पिवळे जाकीट, काठीऐवजी वॉकीटॉकी आणि अधिकार शून्य. शेवटची गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

एका परदेशी राणीच्या कारकिर्दीचा महोत्सव तिच्या दोह्यातल्या देशवासीयांनी ठरवला होता. शुक्रवारी संध्याकाळी, मोकळ्या मैदानावर, मोठी संगीत मैफल. सुरुवातीला एक वादक एकट्याने बॅगपाइप वाजवत रंगमंचावर येणार आणि सगळे उठून उभे राहणार. बॅगपाइप म्हणजे काखेत धरायची कातडी पिशवी आणि तिला जोडलेल्या लाकडी नळ्या. आपल्या लष्करी बँडमध्येही असतो. वादक शुक्रवारी विमानाने यायचा होता. वाद्य मात्र सामानाबरोबर आठवडाभर आधीच येऊन गोदामात पडले होते.

बुधवारी सकाळी स्टोअरकीपरने यादी तपासली. वाद्याची पेटी जागेवर होती, आत वाद्य नव्हते.

मॅनेजरचा चेहरा उतरला. शुक्रवारी सकाळपर्यंत वाद्य मिळाले नाही तर तक्रार पोलिसांत जाईल आणि ज्याच्यावर संशय असेल तो पहिल्या विमानाने आपल्या देशात, असे त्याने सगळ्यांसमोर सुनावले. मी मात्र मनातून खूश झालो, खोटे कशाला बोलू? या नोकरीच्या दीड वर्षात पहिल्यांदा गुन्हा घडला होता.

मी रीतसर घटनास्थळाचा पंचनामा केला. पंच म्हणून एक नेपाळी आणि एक केनियन गार्ड उभे केले. पंचनामा मराठीत लिहिला आणि दोघांनी न वाचता सही ठोकली. तेवढ्यापुरते मला अगदी आपल्या ठाण्यात असल्यासारखे वाटले. रिकाम्या पेटीत एक घडी घातलेला कागद होता. केनियन गार्ड तो उघडायला गेला तसा मी त्याच्यावर खेकसलो. मुद्देमालाला असा हात लावतात का? आधी सील करायचे, मग पुढचे. चिमट्याने उचलून कागद पाकिटात घातला, लाखेऐवजी चिकटपट्टी लावली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पाकीट खिशात ठेवले. पंचनाम्यात लिहिले, 'कागद, नग एक.' दोन्ही पोरे माझ्याकडे आदराने बघत होती.

मग चौकशी. किल्ली स्टोअरकीपरकडे, म्हणजे संशयित नंबर एक तोच. पन्नाशीचा, केरळचा, शांत गृहस्थ. माझी पद्धत ठरलेली आहे. माणसाला समोर बसवायचे, चहा द्यायचा आणि काहीच बोलायचे नाही. शांतता असह्य झाली की माणूस आपोआप बोलू लागतो. या गृहस्थाने तीन कडक चहा घेतले, एकदाही माझ्यावरची नजर हलवली नाही, आणि पाऊण तासाने हिंदीत नम्रपणे विचारले, "सर, तुमची तब्येत ठीक आहे ना?" शेवटी मीच बोलू लागलो. खरे तर माझा अनुभव सांगतो की चोराची नजर दाराकडे असते. याची नव्हती. तरी मी अहवालात त्याचे नाव लिहिलेच, कारण दुसरे कोणाचे लिहायला नव्हते. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही, हे मला नंतर कळले.

खबर आली ती गुरुवारी दुपारी. दोह्याच्या मुऐदर भागात आमच्या ओळखीचे नाशिकचे एक कुटुंब राहते. त्या वहिनींचा फोन आला. मराठी मंडळात सगळे मला पोलीस काका म्हणतात आणि कुठलीही तक्रार माझ्याकडेच येते.

"काका, मागच्या व्हिलात कुणीतरी बकरं बांधलंय हो," वहिनी कळवळून सांगत होत्या. "रोज चार वाजता त्याला कापतात. इतकं ओरडतं बिचारं! आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता परत कापतात."

एकच बकरे रोज मरते, हे ऐकल्यावर माझ्यातला पोलीस ताडकन उठला. मी टॅक्सी केली. चारला पाच कमी असताना त्या व्हिलाच्या मागे उभा राहिलो, आणि बरोबर चार वाजता बकरे ओरडले. दोन मिनिटांनी त्याच ओरडण्यातून सूर निघू लागला आणि सुरातून लष्करी संचलनाची झकास धून. माझे पाय नकळत ताल धरू लागले.

दार ढकलले. आत आमच्याच कंपनीचा ट्रक ड्रायव्हर, बनियनवर, काखेत राणीचा बॅगपाइप. साताऱ्याकडचा माणूस, लष्कराच्या पाइप बँडमधून निवृत्त झालेला. मला बघताच तो सावधानमध्ये उभा राहिला. पिशवीतली हवा बराच वेळ कण्हत बाहेर पडली.

मी विचारण्याआधीच त्याने सांगितले. रविवारी तो खुर्च्या उतरवायला गोदामात गेला, तर पेटी उघडीच, थेट एसीच्या झोताखाली. गार कोरड्या हवेने पिशवी कडक व्हायला लागलेली, लाकूड तडकायच्या बेतात. असले वाद्य रोज फुंकून ओलसर ठेवावे लागते, नाहीतर वादक येऊन फुंकतो तेव्हा आवाजच निघत नाही. बँडमध्ये असताना वाद्य सुकवले म्हणून शिक्षा होत असे. त्याने उचलले आणि घरी आणले. सोमवारपासून मेसईद बंदराच्या फेऱ्या लागल्या, पहाटे सुटायचे आणि तीनला परत, त्यामुळे गोदामातला गोंधळ त्याच्या कानावरच आला नव्हता.

"अरे, पण न सांगता उचललंस?" मी ओरडलो.

तो गोंधळला. "न सांगता कसं सायेब? तुमची सुट्टी हुती म्हणून चिठ्ठी ठेवली की पेटीत. तुमच्याच नावानं."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. खिशातले पाकीट काढले, चिकटपट्टी फाडली. सुबक अक्षरात लिहिले होते: 'मा. सुरक्षा साहेब यांस, पाइप सुकत आहे. मी घरी नेऊन रोज फुंकतो. शुक्रवारी सकाळी जमा करीन.' खाली सही, तारीख आणि मोबाइल नंबर. चोराने स्वतःचा नंबर दिला होता आणि मी दीड दिवस तो छातीशी धरून निरपराध माणसाला चहा पाजत होतो.

परत येताना ट्रकमध्ये मी त्याला खरे ते सांगितले. गेट पासशिवाय वस्तू बाहेर नेली की ती चोरी, हा मॅनेजरचा नियम. लेखी कळवले होते हे सिद्ध झाले तरच तो सुटेल. म्हणजे चिठ्ठी दाखवावी लागेल, आणि ती कोणाच्या खिशात होती तेही सांगावे लागेल. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक वाईट शेरा नव्हता, आणि आता चोर म्हणून गावी जायची पाळी आली होती.

"सायेब, चिठ्ठीचं राहू द्या," तो समोर बघत म्हणाला. "पोरं तुम्हाला लई मानत्यात. मी जातो गावी."

मला स्वतःची मनस्वी लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली की क्षणभर, अगदी क्षणभर का होईना, मला ते बोलणे बरे वाटले होते.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी स्टोअरकीपरला आणि दोन्ही पंचांना बोलावून घेतले. चिठ्ठी वाचली, तिचा इंग्रजीत अर्थ सांगितला, आणि ती दीड दिवस कुठे होती तेही सांगितले. नेपाळी गार्ड छताकडे बघू लागला. केनियन गार्डला हसू आवरेना, तो खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला. स्टोअरकीपरची मी हात जोडून माफी मागितली. त्याने माझे हात धरून खाली केले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मॅनेजरने डोक्याला हात लावला, "खलास," म्हणजे विषय संपला, असे म्हणाला आणि ड्रायव्हरला कामावर जायला सांगितले.

शुक्रवारी त्या परदेशी वादकाने पहिल्याच फुंकीत सूर लावला. मग पिशवी चाचपून त्याने विचारले, ही इतकी छान कोणी ठेवली? ड्रायव्हर पुढे आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास ते नळ्यांवर बोटे फिरवत गप्पा मारत होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. मी आयुष्यभर कागद जपले. त्यावर कोणी काय लिहिले आहे ते बघायची घाई मला कधी नव्हती. किती जणांनी असेच मला लिहून कळवले असेल आणि मी ते सील करून ठेवले असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही. त्या गुरुवारी मॅनेजरने माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. हजारो लोकांचे जबाब लिहून घेतलेल्या माझ्या हाताने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा जबाब लिहिला, आणि सही करण्यापूर्वी मी तो दोनदा वाचला.