कोणाची प्रजा
सरकीचा वास आला की मला अमरावतीची कचेरी आठवते. अकोल्याच्या जिनात, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी फिटर होतो आणि युगांडातल्या एका जिनाने मला बोलावलं होतं. वडील भिक्षुक, समुद्र ओलांडण्याच्या विरुद्ध. तरी पासपोर्टाचा अर्ज त्यांनीच सुबक अक्षरात लिहिला. कोणाची प्रजा, या रकान्यात लिहिलं, 'इंग्रज सरकारची'. जिनातून थेट, अंगाला सरकीचा वास घेऊनच मी वडिलांबरोबर कचेरीत गेलो. कारकुनाने त्या रकान्यावरच बोट ठेवलं. "वऱ्हाड निजामाचं हाये, महाराज. इंग्रज नुसता कारभार पाहून राहिला. हैद्राबादले अर्ज करा." दुसऱ्या दिवशी पूजेच्या संकल्पात, आपण कुठल्या भूमीवर बसलो आहोत हे रोज खणखणीत सांगणारे वडील नेमके तिथेच अडखळले. हैद्राबादचं उत्तर येईपर्यंत युगांडातली जागा भरली. मी जिनातच म्हातारा झालो. अजूनही कुठल्याही अर्जात तो रकाना शेवटी भरतो.