कोथरूड ते लोणी काळभोर: ह्यांच्यावर नजर ठेवून केलेली सहल

राजस्थानची तिकिटं काढून झाली होती. इथे ब्लॉगवर मी तसं जाहीरही करून बसले होते, आणि जयपूरला रजया कुठे घ्यायच्या ते नक्की लिहा, असं चार-पाच जणींनी बजावलंही होतं. रजया राहिल्या. आम्ही गेलो लोणी काळभोरला. कोथरूडहून निघून सकाळच्या चहानंतर दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतकं लांब. हसायचं तर हसा, पण इतकी घाबरून मी आजवर कुठलाच प्रवास केलेला नाही.

कारण आधी सांगते. थंडी पडली तसं ह्यांनी बाथरूमच्या खिडकीवर आतून पुठ्ठा ठोकला. गॅसचा गीझर आतच, नळाच्या वर. आमच्या सोसायटीत बहुतेकांचा तसाच आहे, पाणी झटपट तापतं आणि विजेचं बिल वाचतं. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या आंघोळीला घाई नाही. त्या सकाळी आतून धप्पकन आवाज आला. दाराची कडी ढिली होती म्हणून ढकलून आत जाता आलं. हे फरशीवर पडलेले, डोळे पांढरे, हातपाय झटके देतायत. फीट आली की कांदा हुंगवायचा, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. धावत जाऊन कांदा फोडून आणला, नाकाशी धरला. हे उघडे, भांडीवाली यायची वेळ, म्हणून दार आतून लोटून घेतलं. वर गीझर चालूच.

फ्लॅटचं दार दुधासाठी उघडं होतं. शेजारच्या शेख भाभी आवाज ऐकून आल्या आणि बाथरूमचं दार बडवायला लागल्या. फीट आलीय, कांदा हुंगवतेय, असं मी आतूनच ओरडले. "वहिनी, दार उघडा आधी! गॅस बंद करा! कांदा कसला धरताय?" त्यांनीच आम्हा दोघांना गॅलरीत ओढलं. मला आठवतं ते एवढंच, की डोकं ठणकत होतं आणि हातातला कांदा मी सोडत नव्हते.

हॉस्पिटलात दोघांनाही ऑक्सिजन लावला. ह्यांना बराच वेळ, मला थोडा. मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या अमेरिकेतल्या मुलाएवढ्या, पण समजावून सांगायची हौस मोठी. म्हणाल्या, "हा कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा हाच अडवून बसतो. पण गंमत अशी, की आपला मेंदू हा वायू स्वतःही तयार करतो, अगदी कणभर. हा, नायट्रिक ऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. पेशींमध्ये निरोप पोचवायला."

"विषाने निरोप?" मी विचारलं.

"कणभर असेल तर निरोपच. मेंदूच्या पेशीच्या आवरणात बारीक बारीक दारं असतात, आयन चॅनल म्हणतो आम्ही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम त्यातून ये-जा करतात. तुम्ही हात उचलता, एखादं नाव आठवता, ते ह्या दारांच्या उघडझापीवर. कुठलं दार किती उघडायचं ह्यात हे वायू लुडबुड करतात, आणि ती लुडबुड आपल्याला हवी असते. बाहेरून लोट आला की ताळमेळ सुटतो. कॅल्शियम नको तितकं आत शिरतं, पेशी मरायला लागतात."

पलंगावरून हे म्हणाले, "थोडक्यात, मेंदूला दारवान आहेत आणि आम्ही त्यांना फुकट पाजली."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग हसू आवरून म्हणाल्या, की काही लोक आठवड्याभरात ठणठणीत दिसतात. मग काही आठवड्यांनी मंदावायला लागतात. चाल, बोलणं, चेहरा, आठवण. सगळ्यांचं होत नाही, पण कुणाचं होईल ते आधी कळतही नाही. "पेशंटला स्वतःला जाणवत नाही. घरच्यांनी बघायचं. स्वभाव बदलतोय का, तेवढं बघा. आणि सध्या लांब जाऊ नका." मग मला औषधं आणायला खाली पाठवलं.

आता आमच्या ह्यांचा स्वभाव. लग्नात माझ्या मामांनी "जेवण कसं झालं?" विचारलं तर "झालं एकदाचं" म्हणाले होते. आमटी पातळ झाली तर "आज पोहायचंय का?" असं विचारणारा माणूस. हा माणूस घरी आल्यावर गोड बोलायला लागला. चालेल. छान झालंय. तू म्हणशील तसं. एकदा आमटीत मीठच नव्हतं, तीही छान झाली होती. मी ओट्याशी उभी राहून रडले. टोमणे बंद झाले म्हणून रडणारी बायको पुण्यात मी पहिलीच असेन.

अशात लोणीहून नणंदेचा फोन आला. ह्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे अक्का म्हणतो. हुरडा आलाय, या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोणी म्हणजे काय लांब, जाऊन या. मोकळ्या हवेत बरंच वाटेल.

जाणाऱ्यांसाठी: कोथरूड डेपोतून सकाळी लवकरची बस घ्या, बसायला मिळतं. आम्ही मंडईला उतरलो, अक्कासाठी भाजी घ्यायची होती. शेतावर राहणाऱ्या बाईला शहरातून भाजी न्यायची हा ह्यांच्या टोमण्यांचा ठरलेला विषय. आज त्यावरही काही बोलले नाहीत. मटारवालीला मी भाव विचारला तर ती म्हणाली, "पाटी लावलीय. चष्मा घरी राहिला का?" एरवी ह्यांनी तिला सव्याज परत केलं असतं. आज नुसते हसले. ते हसू चेहऱ्यावर नीट पसरलं का, एका बाजूला कमी तर नव्हतं, हे बघत मी चालायला लागले आणि मागून ओरडा आला, "ओ मावशी! पैसे देऊन मटार मलाच ठेवून चाललात का?" ह्यांच्याकडे बघण्याच्या नादात पिशवी राहिली होती. ह्यांनी मुकाट्याने जाऊन आणली.

पुढे हडपसरला बस बदलायची. जायचं दोघांचं दीडशेच्या आत भागतं. वाटेत काचेच्या इमारती उगवल्यात, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं रस्ता ओलांडतात, आणि एक फाटा मागे पडला की एकदम ऊस. मी कंडक्टरला विचारलं, "लोणीला जाते ना?" तो म्हणाला, "मघाशी पण जात होती, आताही तिकडंच चाललीय." पुण्याचे कंडक्टर. मी लक्ष दिलं नाही. हे खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ह्यांना मळमळतंय.

फाट्यावरून अक्काच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. हे माझ्या मागे मागे, सावकाश. पावलं आखूड पडतायत का ते मी सारखी वळून बघत होते.

हुरडा मात्र जमला होता. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली कोवळी कणसं. अक्का ती तळहातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकत होती. बरोबर लसणाची चटणी, दही, गूळ. पोट भरलं तरी हात थांबत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी थंडीतच जावं, आणि घरून नाश्ता करून जाऊ नये.

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "आगं, ह्यो बोलत का न्हाई? पयलं तर आल्या आल्या माझ्या चुलीला नावं ठेवायचा. आजारी हाय का अजून?"

"तसं काही नाही, अक्का," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिने मुक्कामाला थांबवून घेतलं. दिवस कलला तसा गारठा वाढला. आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो. अक्का उरलेले निखारे शेगडीत भरून घेऊन आली, मधोमध ठेवली आणि म्हणाली, "लई थंडी हाय. दार लावून घेते." खोलीला खिडकी एकच, तिच्यात गोणपाट कोंबलेलं.

दार लागलं. मी उठले. ती वस्तू बाहेर न्या, असं मला ओरडायचं होतं आणि त्या वस्तूचं नाव मला येईना. समोर लाल दिसतेय, माझ्याही घरी होती, आईकडे होती, आणि नाव नाही. मी नुसतं बोट दाखवत राहिले. तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं, लाथेने दार उघडलं आणि मला ओढत अंगणात आणून उभं केलं. परत आत गेले, अक्काला बाहेर काढलं, धोतराच्या फडक्याने शेगडी उचलून अंगणात आपटली. निखारे सगळीकडे उडाले.

"अक्का, अक्कल विकून ज्वारी घेतलीस का?" हे ओरडले. मग माझ्याकडे वळले. "डोकं दुखतंय? चक्कर? माझं नाव सांग."

"अहो, मला काय विचारता? मी तुमच्यावर लक्ष ठेवायला..."

"नाव सांग, सुनंदा."

इतक्या वर्षांत मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिथे अंगणात घेतलं. हे मटकन बाजेवर बसले.

"तू औषधं आणायला गेलीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. दार लावून तूही आत होतीस. तुझ्याही रक्तात तो वायू निघाला होता. म्हणाल्या, त्यांना टेन्शन देऊ नका, चिडवू नका, फक्त बघा." मग म्हणाले, "आमटीत मीठ नव्हतं. मंडईत पिशवी राहिली. कंडक्टरला तीनदा विचारलंस."

"एकदाच विचारलं," मी म्हणाले.

ह्यांनी तीन बोटं दाखवली.

म्हणजे ह्यांना काही झालेलं नाही, हा विचार आधी आला आणि मला चक्क हसू फुटलं. मग ध्यानात आलं, की लक्ष माझ्यावर ठेवायचं होतं, आणि हसू थांबलं. मी काळजीत होते म्हणून विसरले असेन, असं म्हणाले. "मीही स्वतःला तेच सांगतोय," हे म्हणाले.

सकाळी निघताना अक्काने गुळाची छोटी ढेप दिली, रडली, आणि शेगडीला पुन्हा घरात घेणार नाही अशी शपथ घेतली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तपासण्या केल्या. आत्ताच काही सांगता येत नाही, काळजीनेही असं होतं, पुन्हा बघू, म्हणाल्या. गीझर काढून टाकलाय. तुमच्याकडे असेल तर बाथरूमच्या बाहेर लावून घ्या, खिडकी बुजवू नका, आणि कुणी पडलं तर आधी दार उघडा, गॅस बंद करा. कांदा भाजीत घाला.

इथपर्यंत मी लोणीहून आल्याच्या आठवड्यात लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय.

आता मी आंघोळीला गेले की दार नुसतं लोटलेलं असतं आणि हे बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. मी त्यांना ताकीद दिलीय, गोड बोलायचं नाही. त्यामुळे टोमणे परत सुरू झालेत आणि घर घरासारखं वाटतं. मधूनमधून ते काहीतरी विचारतात, मी आतून उत्तर द्यायचं. चुकले की ऐकून घ्यायचं. काल विचारलं, "अक्काने निघताना काय दिलं होतं गं?"

"भुईमुगाच्या शेंगा," मी म्हणाले.

बाहेर पेपरचा आवाज थांबला. मग हे म्हणाले, "बरोबर."

आत्ता हे लिहायला बसले तेव्हा वरचं सगळं पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. ढेप डब्यात आहे, रोज चहाला तीच फोडते. ह्यांनाही ते ठाऊक आहे. तरी टोमणा मारला नाही.