आईकडून आलेली नजर

४ फेब्रुवारी १९७६ रोजी वडगाव रासाईला आमच्या घरी थोरल्या भावाची सुपारी फुटली. मुलगी मामांचीच. मामांनी भावाच्या हातावर एकशे एक रुपये ठेवले. हजर होतो वडील, आई, मामा, भाऊ आणि मी. भाऊ दौंडला रेल्वेत इंजिनावर लागला की वैशाखात लग्न, असं ठरलं.

मामा यवतला मिरची करायचे. ते स्वतः तोडायला बसले की लाल मिरचीत हिरवी हमखास यायची. आई चिडवायची, तर म्हणायचे, "आक्का, तिखट दोन्ही हायत की!" भावाचंही तसंच व्हायचं. मामावर गेलाय, म्हणून आम्ही हसायचो.

मार्चमध्ये दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा भावाला दिसेना. सिग्नलचा लाल-हिरवा ओळखता येत नाही, म्हणून नोकरी गेली. वडिलांनी औषध विचारलं. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही. हे जन्मापासूनचं, आईकडून आलेलं. रंग ओळखायची जी सूचना शरीरात असते, तिच्या आईकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी चालते, म्हणून तिला सगळे रंग दिसतात. मुलाकडे एकच प्रत, तीही आईनं दिलेली. यात दोष कुणाचाच नाही."

वडिलांनी ऐकलं ते फक्त 'आईकडून'.

"तुझ्या माहेरचं हाय हे," घरी येताच ते आईला म्हणाले.

"व्हय. आन् त्याचं नाक कुणाच्या घरचं?"

"नाकापायी नोकरी न्हाई जात. त्याच घरची पोरगी करायची, आन् नातवंडंबी तशीच निघाली तर?"

सोयरीक मोडली.

आता वर्तमानपत्रात जीनोम हा शब्द वाचतो. बाजरी असो, मेंढी असो की माणूस, शरीर कसं घडायचं आणि कसं चालायचं याच्या सगळ्या सूचना पेशीपेशीत असतात, त्या संचाला जीनोम म्हणतात. माणसात निम्म्या आईच्या, निम्म्या बापाच्या. माणसाच्या एका संचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं. भावाचा बिघाड त्यातल्या एखाद्या ओळीचा. त्याचा गोड गळा, त्याची उंची, न चिडणारा स्वभाव, यांतलंही बरंच त्याच संचातून आलं असणार. त्याचा हिशेब कुणी केला नाही. पुढं तो पाटसच्या साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर लागला. तिथं लाल-हिरव्यानं त्याचं कधीच अडलं नाही. संसारात तरी काय अडलं असतं? मामांची मुलगी दूर नगरकडे दिली. भावानं लग्न केलं नाही. आईनं माहेरी जाणं सोडलं.

शेवटची गेली ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये, माझ्याबरोबर. मामा ओट्यावर होते. "आक्का, पोरीला रंग सगळं दिसत्यात," एवढंच म्हणाले. वडिलांनी सुपारीच्या रकमेत मामांनी आणलेल्या साखर-नारळाचे चौदा रुपये घातले होते. ते एकशे पंधरा रुपये आईनं मामांच्या हातात दिले.