शरदकाकांची इंजिनवाली गाडी

लखनौत चिनहटच्या एका दुकानामागच्या गल्लीत शरदकाका उकिडवे बसून एका हातभर लांबीच्या गाडीजवळ कान नेत होते. रिमोटवर पळणारी गाडी, पण आत खरं इंजिन. दुकानदाराने दोरी ओढून ते चालू केलं होतं. एवढुसं इंजिन, आणि आवाज असा की समोरच्या गच्चीवरची बाई शिव्या घालत आत गेली. काका म्हणाले, "थोड़ा और तेज करो." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

काकांना ऐकू कमी येत होतं. मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि पुण्यात त्यांच्या मुलीला, रुचाताईला पण कळलं होतं. लपवत होते ते एकटे काका.

काका एअरफोर्समधून रिटायर झालेले, मूळचे सांगलीकडचे. अख्खी नोकरी जेट इंजिनं खोलण्यात आणि जोडण्यात गेली, कानही तिथेच गेले. शेवटची पोस्टिंग लखनौला होती, तेव्हा वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत घर घेतलं आणि इथेच राहिले. आम्ही समोरच्या घरात. मी अकरावीत शाळा सोडली, आता पार्सलं पोचवतो. कॉलनीतले लोक मला बघून आपल्या पोरांना घरात बोलावतात. काकांनी मला त्यांच्या स्कूटरचा कार्बोरेटर खोलू दिला होता. मी तो बिघडवला, तर म्हणाले, "आता तूच लाव." माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. आणि आज कॉलनीत बोलतात की म्हातारा खेळण्याच्या नादात घर विकून गेला. असं झालेलं नाही. म्हणून लिहितोय.

झालं असं की काकांना मागून ई-रिक्षाने उडवलं. तो भैया हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. हाड मोडलं नाही, पण रुचाताई पुण्याहून आली आणि म्हणाली, घर विका, माझ्याकडे चला. काका म्हणाले, मला सगळं ऐकू येतं. दोन दिवस हेच चाललं. शेवटी काकाच बोलले, "मी एक इंजिन नुसत्या कानाने सेट करून दाखवतो. जमलं नाही तर पुण्याला येतो."

ताई हो म्हणाली. व्हिडिओ पाठवा म्हणाली.

पुण्याला तिचा फ्लॅट मी फोनवर बघितलाय. चांगला आहे. पण तिथे काकांना सोफ्यावर बसण्याशिवाय काम काय? इथे आमच्यावरून विमान गेलं की ते आवाजावरून सांगायचे कुठलं इंजिन आहे. अलीकडे मात्र मी वर बघितलं की मगच ते वर बघायचे.

तर त्या पैजेसाठी ही गाडी घ्यायला माझ्याच स्कूटरवरून गेलो. दुकानदार बॅटरीवाली गळ्यात मारत होता. अंकल, चार्ज करो, चलाओ, कोई झंझट नहीं. काकांनी ती उचलून परत ठेवली. म्हणाले, हिच्यात ऐकण्यासारखं काय आहे? मग दोन इंजिनवाल्या समोर आल्या. एक रस्त्यावरची, खाली टेकलेली, दिसायला एकदम भारी. दुसरी मैदानावरची, मोठ्या चाकांची. मला पहिली आवडली. काकांनी दोघींच्या इंजिनाचं चाक अंगठ्याने फिरवून बघितलं आणि मोठ्या चाकांची घेतली, तिचं इंजिन जास्त आवळ होतं, म्हणजे आतला दाब चांगला होता म्हणून. खूश होते यार. येताना मागे बसून माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरत होते.

ह्या गाडीला पेट्रोल चालत नाही. तिचं इंधन डब्यात मिळतं, त्यातच तेल मिसळलेलं असतं. त्यामुळे ती निळा धूर सोडते, आणि नवं इंजिन रुळेपर्यंत तर भरपूर सोडावाच लागतो. काकांना तो धूर बघवायचा नाही. म्हणायचे, धूर सोडणारं इंजिन म्हणजे फिटरची लाज. एअरफोर्समधली सवय. तरी पहिले काही दिवस त्यांनी गाडी विटेवर ठेवून मुकाट्याने धूर खाल्ला.

मग व्हिडिओचा दिवस आला. सरोजिनी नगरच्या बाजूला एक रिकामं मैदान आहे, तिथे गेलो. मी फोन धरला. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले. मग इंधनाचा स्क्रू आवळला, म्हणजे इंधन कमी आणि त्यातलं तेलही कमी. धूर कमी झाला. अजून आवळला. मी म्हटलं, काका, बस. त्यांची पाठ होती माझ्याकडे. गाडी सोडली तेव्हा धूर दिसतच नव्हता, आणि काका हसत होते.

आणि ती गाडी किंचाळायला लागली. रिकामा मिक्सर फिरवल्यासारखी. मी ओरडलो. फोन तसाच धरून धावलो, हात हलवले. काका रिमोट दाबतच होते. लांब जाऊन ती एकदम थांबली.

काकांनी विचारलं, "तू का थांबवलीस?"

"मी नाही थांबवली, काका. कधीची किंचाळत होती."

ते चालत गाडीपाशी गेले. इंजिनला बोट लावलं, भाजलं, तरी लावून ठेवलं. आतलं सगळं जाम झालं होतं. मी म्हटलं, हा डिलीट करतो. इंजिन नवीन बसवू, स्क्रू मी लावीन, तुम्ही फक्त समोर उभे राहा. ताईला काय कळणार आहे?

"पाठव," ते म्हणाले.

"काका, ऐका ना."

"हाच पाठव."

मी नाही पाठवला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः पाठवला. येताना खांद्यावर हात होता, पण नुसता ठेवलेला.

घर गेलं. सामान भरायला मीच होतो. ट्रकवाला घाई करत होता, त्याच्याशी माझं भांडण झालं, आणि त्या भांडणात काकांच्या पाया पडायचं राहिलं. आता त्या घराच्या गॅलरीत दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत असतात. मी फोन केला की काका दोन वाक्यं बोलतात, तीही भलत्याच प्रश्नाची उत्तरं, आणि फोन काकूंकडे देतात.

परवा काकूंनीच सांगितलं. ई-रिक्षाच्या आधीपासून काकांकडे कानाचं मशीन होतं. डॉक्टरांनी मोजून बसवून दिलेलं, त्यात सगळं नीट ऐकू यायचं. घरात बातम्यांपुरतं लावायचे, माझी चाहूल लागली की काकू खूण करायच्या आणि ते काढून ठेवायचे. ताईला सांगायचं नाही म्हणून काकूंना शपथ घातली होती. मशीन लावून ऐकलेलं ते माझं ऐकणं नाही, म्हणायचे. मैदानावर त्या दिवशी ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. सेल सकाळीच काकूंनी नवीन घातला होता.