हिरवी वायर

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. माझ्या पोटात काही राहत नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणायचा. हे राहिलं. चौदा वर्षं राहिलं.

आज कागद घेतला तो रविवारच्या मंडळींमुळे. घरच्या घरी अॅम्प्लिफायर बनवणारे आठ-दहा हौशी लोक आहेत – कोणी बँकेतून रिटायर झालेला, कोणी कॉलेजात शिकवणारी. दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात जमतात, आपापले पत्र्याचे डबे उघडून बसतात. नवशिक्यांसाठी त्यांना एक पुस्तिका काढायची आहे. माझ्या वाट्याला विषय आला – स्पीकरमधून येणारी घूंघूं कशी घालवावी. म्हणाले, काकू, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

तर लिहिते. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरीपासून लांब ठेवा, जरा फिरवून बघा. दोन यंत्रं एकमेकांना जोडली असतील तर दोघांचे प्लग एकाच बोर्डावर लावा. माइकची वायर वरून तारेची जाळी असलेलीच घ्या. आणि काहीही झालं तरी प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर काढू नका.

हे शेवटचं मी सगळ्यांना दटावून सांगते. गेल्या वर्षी एका इंजिनीअरचा डबा मी अर्थिंग नाही म्हणून हात न लावता परत दिला. सगळ्यांनी मान डोलावली. काकू फार काटेकोर, म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. हा काटेकोरपणा माझ्यात आला कुठून – कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? नाही.

माझं शिक्षण चौथी. एकोणिसाव्या वर्षी रेडिओच्या कारखान्यात लागले आणि तो बंद पडेपर्यंत तिथेच सोल्डरचे डाग देत राहिले. माझा डाग टिकलीसारखा गोल यायचा, सुपरवायझर इतर बायकांना दाखवायचा. पण कुठली वायर कुठे, हे समोर लावलेल्या रंगीत तक्त्यावरून. लाल इथे, पिवळी तिथे. का – ते विचारायचं आमचं काम नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा मी लालबागच्या चाळीत होते. लोक रेडिओ, टेप, मिक्सर घेऊन यायचे. दहातल्या नऊ वस्तूंमध्ये कुठेतरी डाग सुटलेला असतो, एवढंच दुखणं असतं. ते मी दुरुस्त करायची. दहावी वस्तू कळायची नाही. मग म्हणायची, याचा पार्ट हल्ली मिळत नाही. लोक घेऊन जायचे. बघता बघता मी जाणकार झाले. चौथी शिकलेल्या बाईला जाणकार म्हटलं की काय होतं, ठाऊक आहे? 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघेनासे होतात.

आता मधूचं सांगते. मधू आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहायचा, ब्लाउज शिवायचा. लग्न केलं नाही. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. त्याला अॅम्प्लिफायर बनवायचं वेड होतं. मासिकांतली सर्किटं वहीत उतरवायचा, अडलं की माझ्याकडे यायचा. खरं तर त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

चाळीतल्या बायकांच्या भजनी मंडळासाठी त्याने एक अॅम्प्लिफायर बनवला. पेटी वाजवायची शालिनी, माझ्या समोरच्या खोलीतली. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या चाळीत आलो. पेटी ती माहेरी वेंगुर्ल्याला शिकली होती. तिचा हात पेटीवर पडला की खालच्या मजल्यावरची माणसं वर यायची.

पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा स्पीकरमधून नुसती घूंघूं. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "मधूभाऊ, भजनाला भुंगा पण बसवलात काय?" मधू खाली वाकून वायरी चाचपत होता, कान लाल झाले होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ताई, काय करू?

मला माहीत नव्हतं. पण कारखान्यातलं एक आठवलं. टेस्टिंगच्या टेबलावर एखादा सेट घूंघूं करायला लागला की तिथला माणूस अर्थिंग सोडवून बघायचा आणि आवाज जायचा. मी लांबून बघितलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी त्याच्या कानात सांगितलं – प्लग उघड, हिरवी वायर काढ.

दुसऱ्या दिवशी घूंघूं गेली होती. मधूने सगळ्यांना सांगितलं, उपाय ताईंचा. काय उपाय, ते कोणाला कळणार? बायकांनी मला पुढे नेऊन बसवलं. मी बसले.

महिना गेला असेल. एकादशीची दुपार होती, गॅलरीत भजन चाललं होतं. दोन अभंगांच्या मध्ये शालिनीने माइक जवळ ओढायला उजवा हात पुढे केला. डावा हात तेव्हा गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर होता. ती ओरडली नाही. तिच्या घशातून एक आवाज निघाला आणि बोटं माइकवर आवळली गेली, सुटेनात. मधूने धावत जाऊन प्लग ओढला.

जगली. पण उजव्या हाताची दोन बोटं भाजली ती कायमची वळायची राहिली. पेटी गेली.

संध्याकाळी चाळीचा वायरमन आला, त्याने डबा उघडला. मेनची वायर पत्र्याच्या भोकातून आत जात होती, तिथे पत्र्याच्या धारेने घासून कापली गेली होती. अख्ख्या डब्यात करंट उतरला होता आणि तिथून माइकमध्ये. मग त्याने प्लग उघडला. हिरवी वायर सोडवून, टोकाला नीट टेप गुंडाळून ठेवली होती. शिंप्याचा हात – सगळं नीटनेटकं.

चाळ कमिटीचे अण्णा तिथे होते, बायका होत्या. अण्णांनी मलाच विचारलं, "उपाय तुमचा होता ना? हे तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, "मी माइकची वायर लांब घ्यायला सांगितली होती. अर्थिंग कोणी काढायला सांगेल का?"

मधूने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग अण्णांना म्हणाला, "हो. चुकलं माझं."

अण्णा म्हणाले, ब्लाउज शिवणाऱ्याने करंटाशी खेळू नये. हे वाक्य चाळीत पुढे वर्षभर फिरलं. मुलंसुद्धा त्याच्या दारासमोरून म्हणत जायची. शालिनीचा मुलगा आईच्या माघारी त्याच्या अंगावर धावून गेला होता, लोकांनी धरलं. बऱ्याच बायकांनी ब्लाउज शिवायला त्याच्याकडे टाकणं बंद केलं. मीसुद्धा. हो, मीसुद्धा – त्याच्याकडे गेले असते तर त्याच्या समोर उभं राहून माप द्यावं लागलं असतं.

आठ दिवसांनी तो बिस्किटांच्या डब्यात आपली सगळी हत्यारं घालून माझ्याकडे आला. पकड, सोल्डरिंगचं आयर्न, मीटर. म्हणाला, ताई, तुमच्या कामाला येतील. मी घेतली. अजून वापरते. रविवारची मंडळी ज्या पकडीचं कौतुक करतात ती त्याचीच.

मग मी वर्षानुवर्षं काय चघळत बसले? की पत्र्याच्या भोकाला रबरी रिंग मधूने लावली नव्हती. ती चूक त्याचीच, माझी नाही. हे खरं आहे. पण हिरवी वायर जागेवर असती तर वायर कापली गेली त्या क्षणी फ्यूज उडाला असता, भजन थांबलं असतं, बायकांनी मधूची परत थट्टा केली असती आणि चहा झाला असता. एवढंच झालं असतं.

कारखान्यातल्या त्या टेबलाचंही कोडं पुढे उलगडलं. रविवारच्या एका गृहस्थांनी सांगितलं, की तसल्या टेबलांना मेनची लाइन थेट येत नाही, मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो. म्हणून तिथे अर्थिंग सोडवलं तरी माणूस मरत नाही. मी म्हटलं, असं होय. आणि चहाचे कप विसळायला उठले.

चाळ पाडून टॉवर झाला. मी अकराव्या मजल्यावर, मधू सातव्या, शालिनी तिसऱ्या. शालिनीला सुरी नीट धरता येत नाही, म्हणून रोज सकाळी मी तिची भाजी चिरून देते. लोक म्हणतात, मैत्री असावी तर अशी. शालिनी मधूशी अजून बोलत नाही. लिफ्टमध्ये तो असला तर ती दुसऱ्या लिफ्टची वाट बघते, आणि मी तिच्याबरोबर उभी राहते.

मधू मला भेटला की गुडघ्यांची चौकशी करतो. तेव्हा त्याने माझं नाव का घेतलं नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

हे मंडळींनी पुस्तिकेत छापावं, नाहीतर फाडून टाकावं. एक प्रत शालिनीला आणि एक मधूला मी स्वतः नेऊन देणार आहे, ते छापण्यावर अवलंबून नाही.

आणखी एक राहिलं. तुम्ही म्हणाल, बायका हसत होत्या, गडबड होती, त्यात बाई बोलून गेली. तसं नाही. वायर त्या दिवशी काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मधू उघडलेला प्लग हातात घेऊन माझ्या दारात आला. मी तांदूळ निवडत होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याने विचारलं, ताई, वहीत तर लिहिलंय की अर्थिंग पाहिजेच. नक्की काढू ना?

मी ताटातून मान वर न करता म्हटलं, काढ.